अन्नपूर्णेच्या तांदळाखाली

एग्मोर, शुक्रवार संध्याकाळ

अजून विश्वास बसत नाही. आजी जाऊन महिना झाला. आज आईची कंबर धरली म्हणून देवपूजा माझ्याकडे आली. अन्नपूर्णेच्या वाटीतले तांदूळ बदलायला घेतले, तर तळाशी नखाएवढं पितळी पदक. त्यावर बाळाला घेतलेली, ख्रिश्चनांची वेलांकनी माता.

आजीच्या देवघरात? सोवळ्यात असताना ती मलाही जवळ फिरकू द्यायची नाही. शेजारची मेरीअम्मा रोज यायची, पण तिची कॉफी कायम बाहेरच्या खोलीत. आणि तिची माता इथे, सगळ्यात आत, तांदळाखाली?

पदक घेऊन आईकडे गेले. वाटलं, ती हादरेल. पडल्यापडल्याच म्हणाली, "पुसून परत ठेव. वर तांदूळ नीट पसर, दिसता कामा नये."

"तुला माहीत होतं?"

"तुझे बाबा तीन वर्षांचे असताना तापाने जायच्याच बेतात होते. मेरीअम्माने ते उशाखाली ठेवलं आणि पहाटे ताप उतरला. आजींनी शेवटच्या आजारपणात मला सांगितलं."

"आणि बाबांना?"

"त्यांना कशाला?"

ठेवलं मी. पण आजी, तू मेरीअम्माला एकदाही आत का बोलावलं नाहीस?

मघाशी बाबा ऑफिसातून आले, हातपाय धुऊन अन्नपूर्णेपुढे डोकं टेकवलं. मी त्या मूठभर तांदळाकडे बघत उभी. त्यांनी विचारलं, "तांदूळ तू बदललेस?"

"हो."

"छान. अगदी आजीसारखे पसरलेस."