दोन बुडबुड्यांमधली दहा मिनिटं

४ फेब्रुवारी २०२५
वेग पुन्हा वाढला! नळी तीच, गवारगमाचं दाट द्रावण तेच, बुडबुडे एकाच मापाचे. तरी पाचवा पहिल्याच्या दीडपट वेगाने वर. सुहास सर, माझे गाइड, मुंबईहून फोनवर म्हणाले, "हे टिकलं तर तुमची पीएच. डी. झालीच." हुरळायचं नाही ठरवलं. थोडी हुरळलेच.

११ फेब्रुवारी
दिवसभर तास आणि मीटिंगा. बुडबुडे सोडतात ते आमच्या लॅबमधले सहदेवदादा. कॅमेरा लावतात, सोडतात, चारच्या एसटीने पोलादपूर. मी नंतर क्लिपा बघून वेग काढते.

१८ फेब्रुवारी
सरांचा फोन. "दोन बुडबुड्यांत वेळ किती ठेवता?" दहा मिनिटं— ठासून सांगितलं. असल्या द्रावणात बुडबुडा गेला की त्याची वाट काही वेळ सैल राहते. ती घट्ट व्हायच्या आत दुसरा सोडला, तर तो आयत्या वाटेने पळणारच. एवढं मला कळतं.

१९ फेब्रुवारी
शिवजयंतीची सुट्टी. बाहेर ढोल. पहिल्यांदाच क्लिपांवर दोन बुडबुड्यांमधला वेळ पाहिला. वीस सेकंद. सगळीकडे वीस सेकंद!

२० फेब्रुवारी
सहदेवदादांना विचारलं. "मी तर एकामागं एक सोडतो, मॅडम." का पण? माझ्याकडे पाहिलं, मग खाली बघत, "माजंच चुकलं असंल."
दीड वर्षाचं काम पाण्यात, आणि उत्तर एवढंच! मुलांसमोर बोलले. नको तेवढं बोलले.

२४ फेब्रुवारी
प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. दादांना लॅबमधून काढून ऑफिसात बसवलं. निवृत्तीला तीन महिने उरलेत. वाईट वाटलं? नाही. काम ते काम.

२७ फेब्रुवारी
स्वतः सोडले. दहा-दहा मिनिटांनी. पाचही एकाच वेगाने चढले. शोध संपला. चहा घेतला.

१ मार्च
सरांना प्रयोगाच्या सुरुवातीचा तपशील हवा होता. जुनी रोजनिशी काढली. १८ जुलै २०२३, अक्षर माझंच: 'पावसाने लाइट सारखी जातेय. सहदेवदादांना सांगितलं, थांबत बसू नका, लाइट आहे तोवर एकामागोमाग सोडत राहा.'
पुढची सगळी पानं चाळली. पुन्हा थांबायला सांगितल्याचं कुठेच नाही. सांगितलंच नव्हतं.
चूक स्वतःवर घेतली, पण दादांना हे आठवत होतं!