माझ्या मुठीतला तुरीचा दाणा

सर, दुकानात लाईट नाही. पाण्याच्या पंपाच्या दोन मोटारी उघड्या पडल्यात, वाइंडिंग अर्धं झालंय आणि शेतकरी सकाळपासून तीनदा येऊन डोकं खाऊन गेला. म्हणून बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला तुम्हाला लिहितोय. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही असताना कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि आता अडलो तर आठवण झाली. शिव्या द्यायच्या तर द्या.

आपला फुटबॉल क्लब अजून आहे. शाळेमागचं मैदान तेच, गोलपोस्टला जाळी नाही तीही तशीच. फरक एवढाच की आता मुली खेळतात. हो, धामणगावच्या पोरी! सुरुवातीला लोक कुंपणापाशी हसायला उभे राहायचे, आता खेळ बघायला उभे राहतात. पोरं मोबाईलमध्ये गेली आणि या सोळा जणींनी मैदान धरून ठेवलं. शिट्टी माझ्या हातात आहे, तुमचीच, आतला गोळा झिजलाय म्हणून जरा घोगरी वाजते.

सीझनचा खेळाडू अजून तुमच्याच पद्धतीनं निवडतो. शेवटची मॅच झाली की शाळेच्या ओट्यावर सगळ्यांचे बूट रांगेत, प्रत्येकाच्या हातात तुरीचा एक दाणा, आणि जो सगळ्यात भारी खेळला त्याच्या बुटात तो टाकायचा. स्वतःच्या बुटात टाकायचा नाही, एवढा एकच नियम. कोणी कुठं टाकला ते कळू नये म्हणून प्रत्येक बुटात मूठ घालायची. सगळ्यात शेवटी तुमचा दाणा. तुम्ही वाकून एकेका बुटात मूठ घालत जायचे आणि आम्ही तुमच्या चेहऱ्याकडं बघत बसायचो. एकदा कोणीतरी विचारलं, "सर, नुसतं नाव सांगून द्या ना." तुम्ही म्हणालात, "नाव सांगाले काय लागते बे? तोंड हाये म्हून कोनीबी सांगते. वाकाले जमलं पाह्यजे." तेव्हा आम्ही हसलो होतो.

यंदा तीच पद्धत माझ्या गळ्यात आली. दोन पोरी आहेत, दोघींत मिळून बुटांचा एक जोड. पहिल्या हाफला एक पुढं खेळते, मध्यंतरात ओट्यावर बसून बूट उतरवते, दुसरी तेच गरम बूट घालून उतरते. अर्ध्याअधिक मॅच या दोघींनी काढून दिल्या. मी इतका बहाद्दर की रांग लावताना हे डोक्यातच आलं नाही. सोळापैकी अकरा दाणे त्या एकाच जोडात निघाले! सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या, मग एकेकीचे हात थांबले. एक धाकटी म्हणाली, "काका, पन हे कोनाचे?" आता सांगा, काय सांगायचं?

गंमत म्हणून सोडून दिलं असतं, सर. पण यंदा या निवडीला वजन आहे. अकोल्याच्या एका प्रशिक्षण केंद्रानं आपल्या क्लबमधून एक मुलगी मागितली आहे. राहणं, जेवण, कॉलेज, सगळं त्यांचं. फॉर्मवर स्पष्ट लिहिलंय, सीझनची सर्वोत्तम खेळाडू, एकच नाव. सोमवारी फॉर्म द्यायचा आहे. मी फोन करून दोघींसाठी गयावया केली. तिकडचे साहेब म्हणाले, "जागा एकच आहे, उशीर केला तर तीही जाईल." दोघीही बारावीच्या. एकीला आई नाही, घरी धाकटे भाऊ आणि चूल तिच्यावर. दुसरीचा बाप भाजी पिकवतो. जी जाईल ती सुटेल, आणि जी राहील तिचं पुढं काय, हे मला इथं दुकानात बसून दिसतं.

दुसरीचा बाप कोण, ते तुम्हाला सांगायला हवं. आपला गोलकीपर. माझा दोस्त. ज्या वर्षी तो आणि मी दोघंच उरलो होतो, आणि मी एका दाण्यानं जिंकलो, तोच.

ते वर्ष तुम्ही विसरला नसाल. तुमच्या घरी पोहे होते, तुमच्या मंडळींनी परातभर केले होते, बुद्धाच्या मूर्तीशेजारी ट्रॉफी ठेवलेली. चुलीपाशी जागा नाही म्हणून आम्ही दोघं उंबऱ्यात बसलोय, एकाच ताटलीत खातोय. तुम्ही त्याला विचारता, "तुहा दाना कोनाले गेला बे?" खरं तर विचारायचं नसतं. तो तोंडातला घास न गिळताच सांगतो, "याले, सर. आनखी कोनाले देऊ?" तुम्ही त्याच्या डोक्यावरून हात फिरवता. मग माझ्याकडं बघता. बघता, आणि आत पाणी प्यायला निघून जाता.

मग जिंकलो म्हणून तुमची चिठ्ठी घेऊन नागपूरला निवडीसाठी मी गेलो आणि चार दिवसांत तोंड वाकडं करून परत आलो. तिथल्या पोरांपुढं माझा दम निघाला. गोलकीपर तिथं कमी होते, सर. तो गेला असता तर टिकला असता, हे मला तेव्हाच कळलं. पुढच्या सीझनला तो मैदानावर आलाच नाही. बापासोबत वांगी लावायला लागला. आजही बाजारात भेटला की माझ्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी कोंबतो आणि पैशाचं नाव काढू देत नाही. मला ती घरी नेववत नाही, आणि टाकवतही नाही.

परवा पुन्हा दाणे टाकायला लावले. बुटांऐवजी त्या दोघींच्या चपला ठेवल्या, वरून टॉवेल झाकला. निघाले आठ आणि आठ. मी चिडलो, उगाच त्या दोघींवरच ओरडलो, "तुम्ही कुठं टाकले?" आईविना पोरगी म्हणाली, "हिले टाकला, काका." दुसरी म्हणाली, "म्या इले. नियमच हाये ना तसा." आणि माझ्याकडं असं बघितलं की जसा मी काही येड्यासारखं विचारून राह्यलो.

उरला माझा दाणा. मी वाकलो. पहिल्या चपलेवर मूठ नेली, दुसऱ्या चपलेवर नेली, आणि मूठ तशीच बंद घेऊन उभा राहिलो. उघडलीच नाही, सर! सोळा पोरी बघत होत्या. म्हटलं, सोमवारी सांगतो, आणि शिट्टी वाजवून सगळ्यांना घरी पिटाळलं. दाणा शर्टाच्या खिशात आहे.

काल मी त्याच्याकडं गेलो, वांग्याच्या शेतात. म्हटलं, तूच सांग. तो पाणी धरत होता. म्हणाला, "मले काऊन विचारतं बे? पोट्टी माही हाये म्हून? तू जे करशीन ते बरोबरच करशीन. तुह्यावर भरोसा हाये आपला." आणि पुन्हा कोथिंबीर आणायला निघाला. मी पळालो तिथून, अक्षरशः गाडीला किक मारून पळालो.

त्याच्या पोरीचं नाव लिहिलं तर मी जुनं पाप धुतोय, आणि त्याची किंमत आई नसलेल्या पोरीकडून घेतोय. नाही लिहिलं तर एकाच घराला माझ्या हातानं दुसऱ्यांदा मागं ठेवतोय. खेळ बघून ठरवावं म्हटलं तर आता मला खेळ दिसतच नाही, त्याचा चेहरा दिसतो. इतकी वर्षं शिट्टी वाजवतोय आणि साधं एक नाव लिहिता येत नाही.

लाईट आली. शेतकरी पुन्हा दारात उभा आहे. हा कागद बिलबुकातच राहील, कुठं टाकणार?

त्या वर्षी माझा दाणा मी माझ्याच बुटात टाकला होता. त्याच्या बुटात टाकला असता तर तो एका दाण्यानं जिंकला असता. तुम्ही त्याला विचारलंत, मला विचारलं नाहीत. तुम्हाला कळलं होतं की काय, हे मला आजवर कळलेलं नाही. पण विचारलं असतंत, तर मी त्याच्याकडं बोट दाखवून म्हणालो असतो, "याले, सर."