मामाने बसवायला लावलेली स्प्रिंग

गुरुवार, संध्याकाळ. रिफा, आखात.

मामा म्हणे, पोराने न विचारता स्प्रिंग बदलली! आणि बदलायला लावली कोणी? शूटिंग क्लबच्या वर्कशॉपात मामाच माझा उस्ताद. अरबाबचं, म्हणजे आमच्या मालकाचं, ते लष्करातून विकायला काढलेलं जुनं पिस्तूल, चाप एवढा जड की बोट दुखायचं. मी म्हटलं, मामा, ही नवी स्प्रिंग फारच हलकी आहे, गोळी उडणार नाही. तर म्हणे, "गप रे शहाण्या, बसव." बसवली. जुनी खिशात टाकली.

आज अरबाबने पाहुण्यांसमोर चाप ओढला. चाप अगदी लोण्यासारखा, पण आवाज नुसता टिक्. परत टिक्. पाहुणे हसले. अरबाबने मामाकडे बघितलं, मामाने माझ्याकडे बोट केलं. सख्खा मामा! "खलास," अरबाब म्हणाला, उद्यापासून मी झाडू मारायचा, आणि ह्या महिन्याचा ओव्हरटाइम कापला.

गाडीत मामा म्हणतो, "भाच्या, माझी बायकापोरं इथं आहेत. तू एकटा जीव, तुला काय?"

मी एकटा? मग आई कोणाची?

ती जुनी स्प्रिंग अजून खिशात टोचतेय. आईला काही सांगणार नाही, तिचा एकच भाऊ आहे. काम कमी होतं म्हणेन. दर महिन्याला सत्तर दिनार पाठवतो, उद्या पंचेचाळीस.