दुसऱ्या टोकाला कोण?

१२ ऑक्टोबर २०१८, शिरूर कासार
पोचलो एकदाचा! पाणी सोसायटीच्या कचेरीमागची खोली मिळालीय. पत्रा तापतो, पण वीज टिकते. चेअरमन राधाकिशन यांनी भाकरी-ठेचा वाढून माझं काम विचारलं. सांगितलं, दोन उपग्रह एकामागे एक उडतात आणि लेसरने आपसातलं अंतर मोजतात. खाली जमिनीत पाणी असेल तशी ओढ, ओढीप्रमाणे अंतर बदलतं. त्या लेसरचे आरसे मी संगणकात उभे करून तपासतो. विहिरीच्या खोदकामावरच्या दगडाबाई म्हणाल्या, "मंजी आमच्या कोयत्यावानी." ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मला लई आवडलं ते.

१६ ऑक्टोबर
आकडे म्हणतात, जमीन कोरडी. पण आरसा जरा कलला तरी अंतर चुकतं. मी सगळा कोरडेपणा आरशाच्या माथी मारला आणि पाणी 'दाखवलं'. सगळे आशेनं बघत होते, नाही म्हणायला जीभ रेटेना. सोसायटीनं ठरवलं, यंदा तोडीला जायचं नाही, विहीर खोल करायची.

२४ ऑक्टोबर
दगडाबाईंचा नवरा बंकट विहिरीत सत्तर फुटांवर दरडीखाली गाडला गेला. बाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, तुमी सांगितलं म्हनून ऱ्हायलो." तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. लाज वाटते.

२६ ऑक्टोबर
मॉडेलमधला दुसरा उपग्रह काढून टाकला. तरी लेसर परत येतोय. अंतर सत्तर फूट. तीनदा तपासलं.

२७ ऑक्टोबर
राधाकिशन विचारत होते, पाणी नक्की हाय ना, सोमवारी तिघं उतरतील. मी हो म्हणालो. परत हो म्हणालो! खोलीत आलो तर अंतर चाळीस.

२८ ऑक्टोबर
संगणकाची वायर उपटली. पडदा चालूच — बारा. अंथरुणात माती. झटकली, पुन्हा —

२९, सकाळ
तिघं दोर घेऊन निघालेत. खिडकीतून ओरडायला गेलो, तोंडात मातीच — आवाज नाही. दार उघडत नाही. तीन फूट. मागे बघणार नाही. हे पान खिडकीतून टाकतो. कुणीतरी वाचा —
एक फूट.
दगडाबाई, पाणी नव्हतंच. मला ठाऊक होतं. त्यांना उतरू देऊ न—