घरून आणलेली बाज

एप्रिल २०२१, मंगळवार

आंजी गावच्या मावशीचे ओठ निळे, तरी सकाळी आम्ही तिले "बेड नाई" म्हणून परत पाठवलं. दुपारी तिचा पोरगा ट्रॅक्टरवर घरची बाज टाकून तिले पुन्हा घेऊन आला. "सिस्टर, बेड आमचा. ऑक्सिजन तेवढा तुम्ही द्या."

वॉर्डातली एक मोडकी खाट दुरुस्तीला गेली, तिथला ऑक्सिजन पॉइंट रिकामाच होता. तिथंच बाज टाकली, नळी लावली. विचारलं कोणाले? कोणालेच नाई.

राउंडला डॉक्टरसाहेब भडकले, "ही बाज वॉर्डात कशाला? सकाळी हलवा."

मी हो म्हटलं नाई. काऊन म्हणू? आता त्याच बाजेवर मावशी चहा मागून राह्यली.

सकाळी सांगीन, हलवते साहेब. आधी तुमच्या हातानं तिची नळी काढा.