शेवटच्या ठिपक्यापुढचा कागद

सर, तुमच्या कात्रीचा मला मनापासून वैताग यायचा. ग्राफच्या आडव्या अक्षावर नायट्रेट, उभ्यावर रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या कलरीमीटरचा आकडा; नायट्रेट किती ते आधीच माहीत असलेल्या द्रावणांचे ठिपके मांडायचे, रेघ ओढायची आणि शेवटच्या ठिपक्यापुढचा कोरा कागद कापून टाकायचा. जळगावच्या अख्ख्या कॉलेजात असला शिंपीपणा फक्त तुमच्या लॅबमध्ये. चांगला कागद वाया जातो म्हणून मी कुरकुरायची, तुम्ही मुकाट्यानं कात्री पुढे करायचात.

त्या दिवशी मी कागद कापला नव्हता. चोपड्याकडच्या आमच्या गावाहून धाकटा भाऊ विहिरीचं पाणी घेऊन आला होता. त्याची तान्ही पोर त्याच पाण्यात कालवलेल्या वरच्या दुधावर होती, तिचे ओठ निळे पडत होते, आणि डॉक्टरांनी पाण्यातलं नायट्रेट तपासून आणा म्हटलं होतं. तो दाराशी उभा. "ताई, पानी चांगलं शे ना? बस निंघी जाई." ते पाणी आटवून रसायन घातल्यावर येणारा पिवळा रंग आमच्या शेवटच्या द्रावणापेक्षाही गडद आला. अक्षावर जागा होती, पट्टी हातात होती. मी रेघ तशीच पुढे नेली आणि उत्तर पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या आत बसलं. इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. उकळून पाजा एवढं सांगून त्याला पाठवणार, तेवढ्यात तुम्ही मागे येऊन उभे.

"ही रेघ कोणाला विचारून पुढे नेलीस?"

"सर, सरळच तर चाललीय."

"इथपर्यंत सरळ आहे. पुढचं तू पाहिलंयस का? शुद्ध पाणी मिसळून नमुना पातळ कर आणि पुन्हा लाव."

पुन्हा म्हणजे पाणी आटवण्यापासून सगळं. बस गेली. भाऊ पायरीवर बसून राहिला आणि मी मनातल्या मनात तुमचा उद्धार करत होते. पातळ केलेलं पाणी ठिपक्यांच्या मधे आलं. जितकं पातळ केलं तितक्या पटीनं गुणलं, तर नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी बाहेर. गडद रंगाला रेघ खाली वाकते, ती मी सरळ धरली होती. आणि उकळल्यानं नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं. भावजय पोरीला उकळूनच पाजत होती. त्या विहिरीचा थेंबही पोरीला देऊ नको, असं भावाला बजावलं.

पोर सावरली. भावानं केळीचा घड आणून दिला, म्हणाला, "तुना सरले दे." त्या दिवशी पायरीवर बसलेला माणूस माझा भाऊ होता, हे मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. तुम्ही विचारलंत, "हे कशाबद्दल?" सगळा वर्ग बघत होता, बोलले असते तर रडूच फुटलं असतं. "सहज, सर. घरची आहेत," म्हटलं. तुम्ही ती सगळ्यांना वाटून टाकलीत, आणि पुढच्याच वर्षी तुम्ही कायमचे गेलात.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. ती केळी सहज नव्हती, सर.