भोपळ्याला शोधू नका

बाबा,

डोळ्यांच्या दवाखान्यातून आलात की भोपळ्याला शोधू नका. त्याला प्राण्यांच्या आश्रमात सोडायला नेतेय, तिथूनच कामावर जाईन. तुमच्यासमोर मला हे जमलं नसतं.

तुम्ही गेल्यावर घरमालक पुन्हा आले होते. "काका खुशाल राहू देत, पण कुत्रं उद्या दिसता कामा नये," म्हणाले. मी हातापाया पडले. म्हटलं, म्हातारा झालाय, भुंकत नाही, चावायला दातसुद्धा उरले नाहीत. तर म्हणाले, "ताई, आज तुमचं चालवून घेतलं तर उद्या सगळी इमारत पाळेल."

तुम्हाला बोलले नाही, पण या महिन्यात मी नऊ घरं पाहिली. तुमचं आजारपण चाललं, माझ्या कामाच्या वेळा चालल्या. भोपळ्याचं नाव काढलं की चेहरे बदलायचे. एका बाईंनी हौसेनं चहा दिला होता. कुत्रा आहे म्हटल्यावर माझा कप अर्धा असतानाच त्या दार उघडून उभ्या राहिल्या. आता माझ्याच्यानं वणवण होत नाही.

त्याला वाटतंय, फिरायला निघालोय. पट्टा तोंडात धरून माझ्या पायाशी बसलाय, म्हणून अक्षर असं आलंय.

जेवण झाकून ठेवलंय. डोळ्यांत औषध घालायला शेजारच्या काकूंना हाक मारा.

आई गेल्यापासून तुम्ही फक्त त्याच्याशीच बोलत होता. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. संध्याकाळी आले की मला वाट्टेल तसं बोला, शिव्या द्या. पण गप्प बसू नका, बाबा.

चिमी